साळुंकी आणि न संपणारा रामराम

माणसाने होडी बांधण्याआधीची गोष्ट. नदीच्या अलीकडे माकडं राहत, पलीकडे बगळे. दोघांचे निरोप साळुंकी पोचवायची.

हल्ली मात्र ती ऐन कामात चक्कर येऊन फांदीवरून पडायची, ती नेमकी खाली ऊन खात बसलेल्या घोरपडीच्या पाठीवर. माकडं तोंडावर पाणी शिंपडायची, ती उठून उडायची आणि पुन्हा धप्पकन खाली. कुणी म्हणालं, दाणे कमी पडतात. कुणी म्हणालं, फांदी बारीक आहे. दाणे वाढवले, फांदी बदलली, पण पडणं काही थांबेना. एकदा तर 'पूर येतोय' हा निरोपच अर्ध्यात राहिला आणि बगळ्यांची पिल्लं वाहून जाता जाता वाचली.

घोरपड वैतागली. "बाई गं, सकाळपासून नेतेस तरी काय?"

"माकडांचा रामराम, मावशी. मग बगळ्यांचा उलट रामराम. मग त्याला माकडांचा..."

"सकाळचा रामराम अजून चालूच?"

"कालचाही चालू आहे, परवाचाही. उलट रामराम न करणं म्हणजे दोन्हीकडे अपमान!"

घोरपडीने थोरल्या माकडाला गाठून चांगलं खडसावलं. माकड खजील झालं.

"पटलं, मावशी! साळुंके, बगळ्यांना सांग, आजपासून रामरामाला उलट रामराम नको. आणि हो, ते काय म्हणतात ते लगेच येऊन सांग. म्हणजे आम्हालाही उत्तर धाडता येईल."

घोरपड उठली आणि फांदीखालून जरा बाजूला सरकून निजली.