सात एकांची संख्या

“कोंडाजीला मठातून का घालवलंस?”

नागोजीबुवा तीन दिवसांनी परगावाहून परतले होते. खांद्यावरची झोळीही त्यांनी अजून उतरवली नव्हती.

त्र्यंबक उठून उभा राहिला. बुवांच्या माघारी मठातली गणिताची पाठशाळा तोच चालवायचा. कोंडाजी तिथलाच विद्यार्थी.

“त्यानं सगळ्यांसमोर माझ्यावर अविश्वास दाखवला, बुवा.”

“काय म्हणाला?”

“मी एक संख्या मांडली होती. एकापुढे एक, सात एक. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. म्हटलं, ही मूळ संख्या आहे, हिला कशानंच भाग जात नाही. तर तो म्हणतो, अजून ठरलेलं नाही.”

“एवढंच?”

“...एवढंच.”

“आता कुठं आहे तो?”

“घाटावर. दुपारच्या नावेनं गावी जाणार आहे.”

बुवा खाली बसले. त्यांनी धूळपाटी पुढे ओढली.

“तू कशाकशानं भागून पाहिलंस?”

“दोनापासून सुरुवात केली. एकही मूळ संख्या सोडली नाही. दोनशे तेहेतीसपर्यंत आलो. एक्कावन्न भागाकार, बुवा. दर वेळी बाकी उरली.”

“कुठवर जायला हवं होतं?”

त्र्यंबकानं नजर खाली वळवली. “संख्येच्या वर्गमुळापर्यंत. हजाराच्या थोडं वर.”

“मग?”

“एक्कावन्न वेळा जे झालं, ते पुढं का बदलेल?”

बुवांनी पाटीवरच्या धुळीत ओळीनं सात एक मांडले. शेजारी लिहिलं, दोनशे एकोणचाळीस. मग पाटी त्याच्याकडे सरकवली.

“भाग.”

“बुवा, मी सांगतो ना...”

“भाग.”

त्र्यंबक बसला. बोट भराभर चालू लागलं. चार वेळा... बाकी. सहा वेळा... बाकी. पुन्हा चार. शेवटचा एक खाली उतरवला तेव्हा एकवीसशे एक्कावन्न झाले.

बोट थांबलं.

नऊ वेळा. बाकी शून्य.

त्यानं धूळ सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून भागलं. या वेळी सावकाश, एकेक अंक तोंडानं पुटपुटत.

शून्य.

बाहेर नावाड्यानं हाळी दिली. सामान चढवायला लागा, म्हणत होता.

त्र्यंबक उठला. चेहरा उतरला होता. पंचा सावरून तो दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्यात थबकला.

“बुवा... तुम्हाला ही संख्या आधीपासून ठाऊक होती?”

“नाही. आजच ऐकली.”

“मग नेमकी दोनशे एकोणचाळीसच कशी लिहिलीत?”

बुवांनी झोळी खांद्यावरून उतरवली.

“पुढची मूळ संख्या तीच. तू तिच्या अलीकडे थांबला होतास.”