डोंगर चढणाऱ्या जीपचा प्लग

चूक भास्करराव खर्शीकरांचीच. जीप क्लबचे अध्यक्ष, वय पासष्ट. वयानं अक्कल येते ही निव्वळ अफवा आहे. अख्खा क्लब घेऊन ते माझ्या गॅरेजात आले.

"माझी ही दर रविवारी डोंगर चढणारी जीप आहे. तिला साजेसा स्पार्क प्लग निवड. चुकलास तर क्लबची एकही जीप इथे येणार नाही. कॉलेज सोडलेल्याला काय जमणार म्हणा!"

मी जुना प्लग काढून सगळ्यांसमोर धरला.

"काका, डोंगर चढून इंजिन तापलं की प्लगचं टोक विटकरी होतं. हे काजळीनं काळंकुट्ट झालंय. ही जीप मंडईच्या पुढे गेलेलीच नाही. भाजी आणायला सगळ्यात स्वस्त प्लग पुरेल."

सभासद खो खो हसले. पुढच्याच सभेत काकांचं अध्यक्षपद गेलं.