तळ्यात न पडलेले खडे

फार फार पूर्वी, पक्षी माणसांशी बोलत त्या काळी, धुक्यात अर्ध्या बुडालेल्या एका गावात एक वैद्यीण राहत असे. ती काढे, चूर्ण काही देत नसे. ज्याचं मन जड झालंय, त्याचं ती ऐकून घेई.

येणारा माणूस तळ्याकाठचा एक पांढरा खडा उचलून मुठीत धरी आणि बोलू लागे. झोप हरवलेल्याला ती सांगे, "रोज पहाटे तळ्याकाठी बस. पाणी ऐक." मन हलकं झालं की खडा तळ्यात टाकायचा, अशी तिथली रीत होती.

जो परत आला नाही तो बरा झाला, असं ती धरून चाले.

तळ्यात एक म्हातारा बगळा होता. एका पायावर उभं राहून दुसऱ्यांच्या चुका पाहण्यात त्याचा जन्म गेला होता. एकदा तो म्हणाला, "बाई, येणारी पावलं मी ऐकतो, पाण्यात पडणारे खडेही ऐकतो. खडे निम्मेच पडतात."

"बाकीचे टाकायला विसरले असतील."

"विचारलंस?"

"दारात रांग असते रे. आणि असला शोध घेणं राजधानीतल्या पंडितांचं काम."

"त्यांनी हे तळं पाहिलंय?"

वैद्यिणीला सवड नव्हती हे खरंच, पण उत्तराची भीती त्याहून मोठी होती. तिला एका विणकरणीची आठवण झाली. झोप हरवली म्हणून टेकडीपलीकडून आलेली ती बाई पुन्हा दिसलीच नव्हती.

सकाळी तिने रांगेला सांगितलं, की आज विणकरणीकडे जाऊन विचारून यायचंय. लोक कुरकुरले. मग एक आजोबा म्हणाले, "जा बाई तू. आजचा दिवस आम्ही एकमेकांचं ऐकू."

टेकडीपलीकडे विणकरणीचा माग धूळ खात होता. पांढरा खडा अजून तिच्या मुठीत होता.

"माई, माझा भाऊ पुरात वाहून गेला," ती हळूच म्हणाली. "पाणी ऐकलं की त्याच्या हाका येतात. उरलीसुरली झोपही गेली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगायला आले नाही."

वैद्यिणीला रडू आलं. किती जणांना आपण असं पाण्याकाठी बसवलं असेल? डोळे पुसून तिने विचारलं, "तुला काय ऐकलं की बरं वाटतं?"

"मागाची खटखट. भाऊ धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकायचा, मी धागे जोडायचे."

दोघींनी मिळून मागावरची धूळ झटकली. माग हलला, खटखट सुरू झाली, आणि थोड्या वेळाने विणकरणीची मान झोपेने मागावरच कलली. वैद्यीण शेजारी बसून राहिली.

पुढे आठवड्यातला एक दिवस गावाने तिला मोकळा दिला. त्या दिवशी ती न परतलेल्यांच्या घरी जाई, विचारी, आणि ऐकलेलं लिहून ठेवी.

एका धुकट सकाळी विणकरीण तळ्यावर आली. क्षणभर थबकली, मग तिने मूठ उघडली.

"पडला," बगळा म्हणाला, आणि त्याने पाय बदलला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात एवढंच ठेवा: जो उपचार करतो त्यानेच त्याचा पडताळा घ्यावा, आणि त्यासाठी लागणारी सवड बाकीच्यांनी त्याला द्यावी.