विहीर वगळून

“...आणि त्यात विहीर नसतीच, तर तुझा आकडा किती आला असता?”

रामजीबुवांनी असं विचारलं तेव्हा यशोधन हसला.

तो रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला. बुवा आता मठात झाडलोट करतात, पण आधी तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. ब्युरेट म्हणतात ती खुणांची काचनळी कशी धरायची, हे यशोधनला त्यांनीच शिकवलेलं.

मठाच्या विहिरीचं पाणी किती खारट आहे, ते तो मोजायला आला होता. खारटपणा लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या वर गेला तर पंचायत विहिरीवर झाकण टाकणार, असं ठरलं होतं. आमच्या वाडीला दुसरं पाणी नाही. डोंगर उतरून ओढ्यावर जायचं, पोर पाठीशी बांधून. आणि माझं पोर आठ महिन्यांचं, याच पाण्याची पेज पिऊन वाढलेलं.

मी ओट्यावरून हलले नाही.

आकडा आला होता चारशे.

माझ्या पोराला काही झालं नसेल ना, असं मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो जरा वैतागला आणि म्हणाला, वहिनी, मी पाण्याचा माणूस आहे, डॉक्टर नाही.

त्याची रीत सोपी होती. विहिरीचं पाणी एक भाग. ते नुसतं घेतलं तर नळी पुरत नाही, म्हणून घरून कॅनमध्ये आणलेलं शुद्ध पाणी चार भाग. वर पिवळं औषध. मग नळीतलं दुसरं औषध थेंब थेंब सोडायचं, आणि तांबूस रंग टिकला की थांबायचं. मीठ जितकं जास्त, तितकं औषध जास्त लागतं. आठ मापं लागली. त्याला पन्नासने गुणायचं.

गुणाकार मीही करून पाहिला. बरोबर होता.

“तीन वेळा केलं बुवा. तिन्ही वेळा आठ.”

“हात तुझा चांगलाच आहे.”

बुवांनी दुसरा चंबू घेतला. कॅनचं पाणी तेवढंच, चार भाग. पिवळं औषध तेवढंच. विहिरीचं पाणी मात्र घातलं नाही. चंबू नळीखाली ठेवला आणि बाजूला झाले.

“मोज.”

“यात काही नाहीच. नसलेलं काय मोजायचं?”

“तेच.”

...

यशोधनने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हातारपण आहे, अशी. मग नळी सोडली. पहिल्याच थेंबाला रंग येईल, असं तो सांगत होता.

आला नाही.

एक माप गेलं. पिवळंच. दुसरं गेलं. तीन...

चौथ्याला रंग टिकला.

यशोधनने कॅनचं झाकण काढून वास घेतला. मीही घेतला. आत कुठंतरी खारातल्या कैरीचा वास होता. आईने वर्षभर त्यात कैऱ्या ठेवल्या होत्या, मी तीन पाण्यांनी धुतला होता, असं तो हळूच म्हणाला.

आठातून कॅनचे चार गेले. उरले चार. चाराला पन्नासने गुणलं.

दोनशे.

यशोधनने कागदावरचे चारशे खोडले आणि खाली दोनशे लिहून सही केली. शेवटी लिहिलं, पाणी पिण्यास योग्य. मी त्याला ते दोनदा वाचायला लावलं. या वेळी तो वैतागला नाही. मग मी वाडीकडे तोंड करून अशी हाक घातली की सगळ्याजणी हंडे, कळशा, दिसेल ते घेऊन पळत आल्या. पहिला पोहरा मी ओढला. ओंजळीतलं पाणी पोराच्या ओठांना लावलं. ते मिटक्या मारायला लागलं आणि विहिरीभोवती हशा उठला.

एवढ्या गलक्यात यशोधन बुवांच्या पायाशी जाऊन बसला होता.

“बुवा, खोट कॅनमध्ये आहे, हे तुम्हाला कधी कळलं?”

बुवा चंबू विसळत होते.

“कळलं असतं, तर मोजायला कशाला लावलं असतं?”