आठ हजार ऐंशी नंबरचं दार

एका गावात पाण्याची एक टाकी होती आणि त्या टाकीवर हुकूम चालवणारे एक काका होते. नळ सोडायचा लोखंडी पाना काकांच्या कनवटीला. पाणी कधी येईल, हे फक्त त्यांना ठाऊक. बायका सकाळपासून हंडे मांडून बसत. विचारलं की काका म्हणत, "वरूनच कमी येतंय. धीर धरा."

टाकी काकांच्या घराला लागूनच होती, आणि त्या घरात त्यांची पुतणी राहायची. कॉलेज अर्धवट सोडलेली, हाताची हुशार, तोंडाची फटकळ. तिने टाकीत एक तरंगता डबा सोडला, त्याची तार घरातल्या छोट्या यंत्राला जोडली. टाकी किती भरली, ते यंत्र सांगू लागलं. आता गावाला ते आपापल्या फोनवर दिसलं की बायकांचं ताटकळणं संपणार होतं.

अडचण एकच. घर आणि बाहेरचं जग यांच्या मधे राऊटर बसला होता. हिरवे दिवे मिचकावणारा, पहारेकऱ्यासारखा डबा. त्याला हजारो दारं, प्रत्येकाला नंबर, आणि बाहेरून येणाऱ्याला सगळी बंद.

"काका, एकच दार उघडायचंय," पुतणी म्हणाली. "आठ हजार ऐंशी नंबरचं. माझ्या हाताने उघडते, फक्त या यंत्रापुरतं."

"आणि माझा कॅमेरा?" परसातला पेरू कोण चोरतं ते बाहेर असतानाही फोनवर बघायला काकांनी जत्रेतून कॅमेरा आणला होता. "त्याच्यासाठी रोज तुझ्या पाया पडू? हे बघ, इथे ऑटोमॅटिक लिहिलंय. ज्याला दार हवं त्यानं मागायचं, डब्यानं उघडायचं. बटण दाबलं की काम झालं."

"कोण मागतंय, कशाला मागतंय, ते विचारायचंच नाही?"

"घरातलेच मागणार ना? घरच्यांवर भरवसा नाही तुझा?"

"निदान कॅमेऱ्याला पासवर्ड तरी घाला."

"घरच्या वस्तूला कुलूप कशाला? आणि कॉलेज टाकून आलेल्यांनी आम्हाला शिकवू नये. आम्ही काय उगाच केस पांढरे केले?"

उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं वय काढतात. पुतणीला हे माहीत होतं. तरीही तिने "करा काय करायचं ते" म्हणून हात झटकले. तिथे ती चुकली. काकांनी बटण दाबलं.

आठवडाभर सगळं झकास चाललं. यंत्राने दार मागितलं, राऊटरने उघडलं. बायका फोनवर टाकी बघायच्या आणि पाणी चढलं की मगच हंडे घेऊन निघायच्या.

मग एका दुपारी वीज गेली आणि तासाभराने आली. कॅमेरा यंत्राच्या आधी जागा झाला. त्यालाही नेमकं आठ हजार ऐंशी नंबरचंच दार हवं होतं; आठवडाभर ते यंत्राने अडवलेलं होतं. त्याने मागितलं, राऊटरने देऊन टाकलं. विचारायचं नाही, असंच त्याला सांगितलं होतं ना!

गावाने टाकी बघायला फोन उघडले, तर समोर काकांचं परस. पेरूच्या झाडाखाली काका बनियनवर उभे. त्यांनी कनवटीचा पाना काढला, परसातून जाणाऱ्या गावच्या पाइपाची कळ फिरवली आणि पाणी स्वतःच्या हौदात सोडलं. हौद काठोकाठ भरला. काकांनी त्यात पाय सोडले आणि एक पेरू खाल्ला.

पाच मिनिटांत सगळं गाव परसात जमलं.

"वरूनच कमी येतंय, नाही का हो?" एका म्हातारीने विचारलं. काकांनी घाईघाईने हौदातून पाय बाहेर काढले.

पुतणी सरळ घरात गेली आणि तिने राऊटरचं ऑटोमॅटिक बंद केलं. सगळ्यांच्या फोनवरचं परस दिसेनासं झालं.

"अगं, राहू दे की!" शेजारीण ओरडली. "चार दिवसांत सुतासारखे सरळ होतील!"

"आज काका दिसले म्हणून मजा वाटली," पुतणी म्हणाली. "उद्या इथेच माझी आई न्हाऊन केस वाळवत बसेल. बंद म्हणजे बंद."

मग तिने आठ हजार ऐंशी नंबरचं दार स्वतःच्या हाताने उघडलं, फक्त यंत्रापुरतं. परसात परत येऊन काकांसमोर हात पसरला.

"पाना."

"मी तुझ्या बापाचा थोरला भाऊ आहे."

"माहीत आहे. पाना द्या."

काकांनी गावाकडे पाहिलं. एकही जण त्यांच्या बाजूचा दिसेना. त्यांनी पाना दिला.

तेव्हापासून पाना चौकात सगळ्यांसमोर टांगलेला असतो. गावाच्या फोनवर आता दोन आकडे दिसतात. पहिला टाकीचा. दुसरा काकांच्या हौदाचा.

तात्पर्य: दार उघडण्याआधी कोण मागतंय ते विचारावं, मग मागणारा घरचा का असेना. आणि विचारलं म्हणून जो चिडतो, त्याचा हौद आधी तपासावा.