मोहाखालची परी

जंगलाच्या काठावर एक झोपडी होती आणि त्या झोपडीत सतत खोकल्याचा आवाज असे. खोकायची ती फुलवंताची माय. बाप मागच्याच वर्षी गेला होता. चार दिवसांवर वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा आली होती. तिथे निवड झाली नाही, तर फुलवंताला मामाबरोबर वीटभट्टीवर जावं लागणार होतं.

ती पुस्तक उघडायची, एक ओळ वाचायची, की माय खोकायची. पुन्हा तीच ओळ, की भट्टीचा काळा धूर डोळ्यांपुढे यायचा. दहादा वाचूनही मनात काही राहायचं नाही.

त्या सकाळी दोघी मोहफुलं वेचायला गेल्या. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आधी पेटवून देतात. फुलवंताने काडी ओढली, तोच पाल्यातून चिमुकला आवाज आला, "थांब ना गं!"

तिने काडी विझवली.

"काहून व, पेटव ना!" माय म्हणाली. "ऊन चढलं का फुलं सुकतीन. मग खाशीन काय, पाला?"

"पाल्यात कोणीतरी आहे, माय."

माय कुरकुरत पलीकडच्या झाडाकडे गेली. फुलवंता गुडघ्यांवर बसली. एक पान उचललं, बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. ऊन चढलं, टोपली रिकामीच राहिली. शेवटच्या पानाखाली इवलीशी परी होती. मोहफुलासारखा फिकट पिवळा झगा, दवासारखे लुकलुकते पंख.

"एकच इच्छा माग," परी म्हणाली. "दुसरी कधीच मिळायची नाही."

माझं मन अभ्यासात लागू दे, हे फुलवंताच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात माय खोकली. छाती धरून, वाकून.

"मायचा खोकला जाऊ दे."

"आणि परीक्षा?"

"वाचते गं, पण मनात काही राहतच नाही."

"तू मला शोधत होतीस, तेव्हा माय कितीदा खोकली?"

"मला... ऐकूच आलं नाही."

"भट्टी आठवली?"

"नाही. हातातलं पान तेवढं दिसत होतं."

"मग वाचतानाही तसंच कर, वेडे. हातातली ओळ तेवढी बघ."

फांद्यांतून सोनेरी उजेड झिरपला आणि परी त्यात विरघळून गेली. पलीकडे मायने लांब, मोकळा श्वास घेतला.

परीक्षा झाली आणि निवडीच्या यादीत फुलवंताचं नाव आलं. ती वसतिगृहात गेल्यावर झोपडीत कसलाच आवाज उरला नाही, खोकल्याचाही नाही. माय आता एकटीच मोहाखाली जाते. पाला मात्र पेटवत नाही. एकेक पान उचलते आणि बाजूला ठेवते.