धवलसेन राजाचा गळ आणि काळडोहाचा मासा

एका राज्यात नदी होती भरली, माती होती काळी, माणसं होती बरी, आणि राजा होता गळकरी. बाकी सगळं ठीक होतं, घोटाळा त्या शेवटच्यात होता.

राजाचं नाव धवलसेन. दरबारात बसला की जांभया देई, नदीवर बसला की पापणी लववत नसे. परराज्याचा वकील भेटीला आला तर त्यालाही घाटाच्या ओल्या पायरीवर बसवी आणि मध्येच म्हणे, "हळू बोला, मासा बिथरतो." असल्या माणसाला राजा कोणी केलं, हे विचारू नका. बाप राजा होता, म्हणून हाही झाला.

राजवाड्याखाली नदी वळते, तिथे काळडोह. सात खाटांचं सुंभ जोडून सोडलं तरी तळ लागत नसे. त्या डोहात एक मासा होता. अंग रुप्याचं, डोळे माणसाचे, आणि वरच्या ओठात सोन्याची नथ. ती नथ मिळेल त्याचं राज्य सात समुद्रांपर्यंत जाईल, असं लोक म्हणत. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कोणी विचारलं नाही. गळ मात्र सगळ्यांनी टाकले.

एक जण खडकावर उभा राहून गळ टाकत होता. खडक चालायला लागला. ती मगर होती. काठावरचे ओरडले, "अरे, उडी मार!" तो म्हणाला, "थांबा जरा, आत्ताच आमिष हललं." दुसऱ्याने दोर पायाच्या अंगठ्याला बांधला आणि झाडाखाली आडवा झाला. उठला तेव्हा दोरही नव्हता आणि अंगठाही. तिसरा विजा कडकडत असताना लोखंडी काठी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. पुढे वर्षभर त्याच्या अंगातून ठिणग्या उडत, बायको त्याच्यावरच चूल पेटवी.

हे सगळं राजाच्या डोळ्यांसमोर झालं. शहाणा माणूस घरी गेला असता. राजा म्हणाला, "त्यांना दोर धरता येत नव्हता."

एके दिवशी सकाळीच राजाने काळडोहात गळ टाकला. पाण्यावर तरंगणारा भेंडाचा तुकडा एकदा हलला, दोनदा हलला आणि गडप झाला. दोर ताणला. काठी धनुष्यासारखी वाकली. दोरातून आवाज आला, रिकामी घागर विहिरीला आपटावी तसा.

"राजा, दोर सोड. नाही तर तुझी सावली दे."

मासा बोलला याचं राजाला नवल वाटलं नाही. दोर सोड म्हणाला, याचा मात्र राग आला.

"सावलीचं काय लोणचं घालायचंय? घे."

राजाची सावली पायापासून सुटली, तेलासारखी पाण्यावर पसरली आणि बुडाली. छत्र धरणारा मागे उभा होता. त्याने खाली पाहिलं, छत्र मिटलं आणि म्हणाला, "सावलीच नाही तर मी ऊन कोणाचं अडवू?" आणि घरी गेला. राजाचा घोडा बिनसावलीच्या माणसाला पाहून दावं तोडून पळाला. राजाने मागे वळूनही पाहिलं नाही. तो एक पायरी खाली उतरला. पाणी गुडघ्याला लागलं.

पुन्हा दोरातून आवाज आला. "राजा, दोर सोड. नाही तर राज्यातल्या विहिरींचं पाणी दे."

"नदी आहे की. घे."

गावोगावच्या विहिरींनी एकच आवंढा गिळला. पोहरे कोरड्या तळावर खणखणले. एका घरी नवरीला हळद लावून झाली होती, न्हाऊ घालायला पाणी उरलं नाही. पोरगी पिवळीच बसून राहिली. बैल पाण्याच्या रिकाम्या हाळाचा दगड चाटायला लागले. तान्ही पोरं घसा कोरडा होईस्तोवर रडली. नदी आहे म्हणे! नदीपासून तीन कोसांवरच्या म्हातारीने काय करायचं? राजा आणखी दोन पायऱ्या उतरला. पाणी कमरेला लागलं.

आता बोभाटा झाला. प्रधान आला, सेनापती आला, गोमतीराणी आली. गोमती मूळची भोयाची लेक, बापाच्या होडीत वाढलेली. तिच्या हाताला धरून इंदुकला आली, राजाची एकुलती एक मुलगी, वय वर्षं सात.

"महाराज, विहिरी आटल्या," राणी म्हणाली. "दोर सोडा."

"चार हात दोर राहिलाय, राणी. आत्ता सोडू?"

आणि तिसऱ्यांदा आवाज आला. "राजा, दोर सोड. नाही तर लेक दे."

घाटावरची माणसं दगडासारखी उभी राहिली. कोणाला वाटलं, राजा आता दोर फेकील. कोणाला वाटलं, उडी मारून माशाचा गळाच धरील. राजाने दोराकडे पाहिलं. नथ पाण्याखाली चमकली. राजा म्हणाला,

"सूर्य डोक्यावर येईपर्यंत विचार करतो."

विचार करतो म्हणाला! पोटची पोर तीन हातांवर उभी, आणि हा विचार करतो!

इंदुकला म्हणाली, "आबा, मला द्यायचं का?"

"इंदू, हलू नको बाळ. तुझी सावली पाण्यावर पडते, मासा बिथरेल."

देवा रे! याच्यापुढे काय बोलावं?

मासा हसला. "सोडतो म्हणाला नाहीस, म्हणजे अर्धी दिलीस." आणि इंदुकलेच्या पायाच्या बोटांवर रुपेरी खवलं उगवली. सूर्य एक वीत वर चढला, खवलं घोट्यापर्यंत आली.

सेनापतीने तलवार उपसून दोरावर घाव घातला. दोर वीणेसारखा वाजला, तलवारीचे तीन तुकडे झाले. राजपुरोहिताने मंत्र म्हणून दोराला आग लावली. दोर जळला नाही, पुरोहिताची दाढी जळली. मग राजाच्या कमरेला साखळदंड बांधून पट्टहत्ती जुंपला. हत्तीने जोर लावला तसे राजाचे हात वीतभर लांब झाले, पण मूठ उघडली नाही. उलट राजाच हत्तीवर खेकसला, "अरे हळू! दोर तुटेल!"

गोमतीने मुलीला कडेवर घेतलं आणि नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडाखाली गेली. तिथे फांदीवर म्हातारा खंड्या पक्षी बसलेला असे. निळा कोट, लांब चोच आणि तोंड फाटकं.

"खंड्यादादा, तू रोज काळडोहात बुडी मारतोस. आत काय आहे, सांग."

"कोण? गोमती होय! भोयाची पोर राणी झाली, पालखीत बसली. आज बरी आठवण झाली?"

"टोमणे उद्या मार. लेकीच्या गुडघ्याला खवलं लागलीत."

खंड्याने मान तिरपी करून पोरीचे पाय पाहिले. त्याची मस्करी तिथेच संपली.

"मासा नव्हे तो. कंकाळ जादूगार आहे. दोनशे वर्षांमागे गुरूची विद्या चोरली, गुरूने शाप दिला. माणसांच्या हावेवर जग, पण मागण्याआधी दर वेळी 'दोर सोड' म्हणावं लागेल, असं म्हणाला. आणि धरलेला माणूस आपणहून, आपल्याच दोन्ही हातांनी दोर सोडील, त्या दिवशी गिळलेलं सगळं ओकशील म्हणाला."

"दोनशे वर्षांत कोणीच सोडला नाही?"

"एकानेही नाही. मगरीवरच्याचं ऐकलंस ना? मगर बुडी मारून खाली गेली, तरी काठी वरच होती."

गोमतीने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग भोयाच्या लेकीने भोयाच्या लेकीचा प्रश्न विचारला. "गळ त्याच्या कुठे रुतलाय? ओठात की घशात?"

"रुतलाय कुठला? दाताखाली धरलाय, विडा धरावा तसा. सैल पडला की थुंकून टाकील. तुझ्या नवऱ्याने मासा नाही धरला, बाई. माशाने तुझा नवरा धरलाय."

राणी धावत घाटावर आली. पाणी राजाच्या छातीला लागलं होतं. तिने सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही.

राजा म्हणाला, "त्या पाखराला काय कळतंय? ताण माझ्या हाताला लागतोय. पक्का रुतलाय."

"अहो, पोरीच्या कमरेपर्यंत खवलं आली! बघा तरी!"

राजाने पाहिलं. पाहिलं आणि रडला. खोटं कशाला सांगू, घळाघळा रडला. लेकीवर जीव नव्हता असं नव्हे. डोळे रडत होते, तोंड "इंदू, इंदू" करत होतं, आणि मूठ मात्र तशीच आवळलेली. असला प्रकार कोणी पाहिला नव्हता. माणूस बुडतोय, लेक जातेय, आणि हात ऐकत नाहीत! प्रधानाने तोंडावर पदर घ्यावा तसं उपरणं घेतलं.

इंदुकलेचा श्वास अडकायला लागला. तिला आता हवा नको होती, पाणी हवं होतं. सूर्य डोक्यावर यायला चार बोटं राहिली.

गोमतीने पोरीला ओल्या पायरीवर ठेवलं. डोळे पुसले. गळकरी माणसं तिने जन्मभर पाहिली होती. उपाशी पाहिली, तापाने फणफणलेली पाहिली, चुलीवरचं करपलं तरी न हललेली पाहिली. ती पाण्याकडेला बसली आणि हसली. ते हसू तिने कुठून आणलं, तिलाच ठाऊक.

"महाराज, वर लोक हसतायत."

"का?"

"म्हणतायत, बोटभर मळ्या माशासाठी राजाने राज्य बुडवलं."

"मळ्या?" राजाचं रडू थांबलं. "कोण म्हणतो मळ्या?"

"सगळेच. मी म्हटलं, मळ्या नसेल. मळ्याहून जरा बरा असेल. वीतभर."

"राणी, तोंड सांभाळ! याचं नुसतं डोकं तुझ्या घंगाळाएवढं आहे!"

"पाण्यात सगळेच मोठे दिसतात. माझ्या बापाने आषाढाच्या पुरात सापासारखी लांबलचक वाम धरली होती. पाहिलीय कधी तुम्ही तसली?" आणि राणीने दोन्ही हात बाजूला पसरले. "ही एवढी! एवढी होती. तिच्यापुढे तुमचा हा काय?"

राजाने तिच्या या हातापासून त्या हातापर्यंत पाहिलं. नाकपुड्या फुगल्या. कानशिलं लाल झाली.

"हॅट! ती एवढी, तर हा..." आणि राजाने दोन्ही हात काखेपासून फैलावले, "...हा एवढा! आणि शेपूट वेगळी!"

घाटावरच्या सगळ्यांच्या माना काठीकडे वळल्या. काठी एक क्षण पाण्यावर उभी राहिली, मग कलली आणि गेली. राजा अजून हात पसरून सांगतच होता, "आणि जाडी सांगितलीच नाही, जाडी..."

मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

डोह उकळला. ढवळून वर आला. गाव ऐकेल एवढी मोठी उचकी लागली, आणि माशाने ओकायला सुरुवात केली. आधी राजाची सावली आली, गारठलेली, सरपटत धन्याच्या पायाला चिकटली. मग जमिनीच्या पोटातून गडगडाट झाला आणि गावोगावच्या विहिरी काठोकाठ भरल्या. हळदीच्या नवरीवर पहिली घागर ओतली गेली. शेवटी इंदुकलेच्या अंगावरची खवलं लाह्यांसारखी तडतड उडाली, पायरीवर पडून विरघळली. पोरीने मोठ्ठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. एवढं गोड भोकाड त्या घाटाने कधी ऐकलं नव्हतं.

डोहातून एक म्हातारा रांगत बाहेर आला. अंगाला शेवाळ, दातात गळ, ओठात नथ.

"असा सोडतात होय दोर?" तो खोकत म्हणाला. "हे शापात नव्हतं!"

"आपणहून सोडला, दोन्ही हातांनी सोडला," राणी म्हणाली. "जोर कोणी केला असेल तर दाखव."

जादूगाराने नथ काढून पायरीवर ठेवली. राजाची नजर तिकडे वळायला आणि राणीने ती पायाने डोहात ढकलायला एकच गाठ पडली. जादूगार रानात गेला, पुन्हा कोणाला दिसला नाही. विद्या शापाबरोबरच वाहून गेली, राहिला नुसता खोकला.

राजा पाण्यातून वर आला. हात अजून पसरलेलेच होते, वीतभर लांब झालेले. त्या हातांत यावं म्हणून त्याने लेकीला हाक मारली. इंदुकला आली नाही. आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिथूनच बापाकडे पाहत राहिली. मासा बोलला तेव्हा राजा दचकला नव्हता, सावली गेली तेव्हा दचकला नव्हता. आता मात्र तो मटकन पायरीवरच बसला.

राज्य त्याच दिवशी जागेवर आलं. छत्रवाला परतला, घोडा परतला, काळडोहाला कठडा बांधला. राजा दरबारात जांभया न देता बसू लागला. लेकीला मात्र तीन पावसाळे लागले. तीन पावसाळे ती बापाबरोबर नदीकडे गेली नाही, बापाने बोलावलंही नाही.

चौथ्या वर्षी नदीपलीकडच्या जत्रेला जायचं होतं. पायी ओलांडायच्या उताराला पाणी गुडघाभर होतं, खळखळत होतं. सगळे पुढे गेले. इंदुकला काठावर थांबली, राजाही थांबला. बऱ्याच वेळाने तिने आपला हात त्याच्या हातात दिला.

राजाने मूठ मिटली नाही. तळवा उघडाच ठेवला, तिला वाटेल तेव्हा हात काढून घेता यावा म्हणून. तिने काढला नाही. दोघं पलीकडे गेली.

इतकी ही गोष्ट. ऐकणाऱ्याची विहीर भरलेली राहो, सांगणाऱ्याचा घसा ओला राहो.